एकाच बुटाला दिवेल

अमळनेर,
२ फेब्रुवारी २०२५

चि. हेतल हिला आबाचे पोटभर आशीर्वाद.

मी काल संध्याकाळी सुखरूप पोचलो. उधन्याला गाडीत खिडकी मिळाली. रंजनाने, तुझ्या मम्मीने, बांधून दिलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा नंदुरबार यायच्या आतच संपला. समोर बसलेला माणूस माझ्याशी तासभर बोलत होता. काय बोलला ते देवाला माहीत. मी मान हलवत राहिलो. उतरताना त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला, म्हणजे काहीतरी दुःखाचंच सांगत असावा. त्याला वाटलं असेल, किती मन लावून ऐकणारा म्हातारा भेटला.

घर उघडलं, झाडलं. तुझ्या मोठ्या आईच्या फोटोवरची धूळ पुसली. तिला जाऊन तीन वर्षं झाली, तरी कुलूप काढताना आत कुणी आहे असं वाटतंच.

पंधरा दिवस तुम्ही माझं फार केलं. तुझा पप्पा वाल्मिक रोज कामावरून येताना माझ्यासाठी काहीतरी आणायचा. धाकटा भाऊ असून बापासारखं करतो. कायमचं नवागामला येऊन राहा म्हणून त्याने कागदावर लिहून दिलं. मी वैशाखातल्या आखाजीच्या सणापर्यंत सांगतो म्हटलं. पण पोरी, तुला खरं सांगतो, मला धाक वाटतो. एकतीस वर्षं उधन्यात माग चालवले, कान तिथेच ठेवून आलो. ज्याला ऐकू येत नाही त्याला घरात कुणी काम सांगत नाही, फक्त ताट वाढतात. मी पलंगावर बसून काय करू?

एक काम मात्र करून आलो, ते तुला सांगायचं राहिलं. निघायच्या सकाळी दाराजवळ सगळ्यांचे जोडे होते, त्यात एक बदामी बुटांचा जोड होता. चांगला भारी दिसला, पण पार कोरडा पडलेला. चामड्यावर बारीक बारीक केस उभे राहिले होते. मला वाईट वाटलं. आपण वहाणांना लावतो तसं तेल द्यावं म्हटलं. रंजनाने वर्षाच्या गव्हाला लावायला दिवेल आणलंय ना, एरंडीचं तेल, ते वाटीत कोमट केलं आणि चिंधीने मुरवून मुरवून लावलं. काय सांगू, तहानलेल्या बैलासारखा पीत होता. रंगही गडद, छान आला. पण एकच बूट झाला. दुसरा हातात घेतला तेवढ्यात रिक्षा आली आणि वाल्मिक घाई करायला लागला. दुसरा तू करून घे. वाटी ओट्याखाली ठेवली आहे.

फोन करू नकोस, मला नुसती गुणगुण ऐकू येते. पत्र लिही. माझे कान गेलेत, डोळे अजून नोकरीवर आहेत.

तुझा,
निंबाआबा


नवागाम, सुरत,
७ फेब्रुवारी २०२५

ती. आबांना साष्टांग नमस्कार.

ते 'सा. न. वि. वि.' मला अजूनही पाठ नाही, म्हणून सरळ नमस्कार. इंग्लिश मीडियममध्ये तुम्हीच टाकलंत, आता भोगा. शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनाने काढून परत पाठवू नका, मागच्या वेळी पाठवलं होतंत तसं.

तुमचं पत्र काल आलं. मम्मीने मोठ्याने वाचलं, पप्पा गाडीतल्या माणसावर खूप हसले. तुम्ही गेल्यापासून घर कसंतरीच वाटतं. सकाळी मी टेबलावर काम मांडते, तर समोरची खुर्ची रिकामी. पंधरा दिवस तुम्ही तिथे बसून माझे ब्रश बघत होतात, त्याची मला सवयच झाली होती.

बुटाचं वाचलं. थँक्यू आबा, मनापासून. माझ्या कामाला घरातल्या कुणी हात लावला असं पहिल्यांदाच झालं. मम्मीला अजून वाटतं की कॉलेज करून मुलगी लोकांचे बूट साफ करते म्हणजे काहीतरी चुकलंय. दुसरा बूट मी बघते, तुम्ही त्याची काळजी करू नका.

ते बूट सुवर्णाने दिलेत. माझ्या शाळेतली सुवर्णा, जी माझ्या डब्यातले तुमचे शेंगदाण्याचे लाडू खाऊन टाकायची. तिचं चार मार्चला लग्न आहे, दीपक नावाच्या मुलाशी. पहिल्या पगारातून तिने त्याच्यासाठी हे बूट घेतले आणि लग्नाआधी चकाचक करून दे म्हणून माझ्याकडे ठेवले. मी बेसिकली खूप एक्सायटेड आहे, कारण मांडवात सगळ्यांचं लक्ष नवऱ्याच्या पायांकडे असतं. त्याचे बूट लपवायचे असतात ना.

एक विचारायचं होतं. असंच. कारखान्यात कापडाच्या ताक्यावर तेलाचा डाग पडला तर तुम्ही काय करायचात? इथे एका कापडावर तेल सांडलंय. अर्जंट काही नाही. पण जमलं तर हे पत्र मिळेल त्याच दिवशी लिहा. सोबत पत्ता घातलेलं पाकीट ठेवलंय, ते स्पीड पोस्टानेच टाका. अर्जंट नाही, तरी पण.

तब्येत सांभाळा. माझ्यावरचा जीव आहे तेवढाच राहू दे, वाढवलात तरी चालेल.

तुमची,
हेतल


अमळनेर,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. हेतल हिला आशीर्वाद, आणि लाल पेनाच्या सात खुणा. त्या या वेळी मनातच काढल्या.

तू कारखान्याचं विचारलंस आणि मला फार बरं वाटलं. एवढ्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मागाचं तेल उडून कोऱ्या ताक्यावर डाग पडायचा, तेव्हा पोरं घाबरून पाण्याने पुसायची. पाणी लावलं की डाग पसरतो. माझा जोडीदार उखा आणि मी खडू वापरायचो. शाळेतला पांढरा खडू, रंगीत नको. तो कुटून पिठासारखा करायचा, डागावर जाड थर द्यायचा आणि बोटाने हलकं दाबायचं, घासायचं नाही. वर कोरा कागद ठेवायचा आणि इस्त्री अगदी कोमट, तळहात टेकवला तर सोसेल एवढीच. ऊब लागली की तेल वर येतं आणि खडू ते धरून ठेवतो. मग झटकायचं आणि नवा खडू टाकायचा. खडू पिवळा होतोय तोवर करत राहायचं. जेव्हा पांढराच्या पांढरा राहील तेव्हा थांबायचं.

कागद कोराच घे, वर्तमानपत्र घेऊ नकोस. मी एकदा घेतलं होतं, तर ताक्यावर सोन्याचा भाव उमटला, तोही उलटा. मालक मगनशेठ आठवडाभर मला सोनार म्हणून हाक मारायचे. तेव्हा ऐकू येत होतं.

सुवर्णाच्या नवरदेवाला बूट आवडला का? दुसराही केलास ना? आपल्या हातचं तेल लावलेला बूट मांडवात जाणार, ते मला इथे झाडलोट करताना सारखं आठवतं. त्या एका बुटाने मला धीर आला आहे. रोज असं एखादं काम हाताला मिळणार असेल तर मी येईन म्हणतो. वाल्मिकला एवढ्यात सांगू नकोस.

वाट बघणारा,
निंबाआबा


नवागाम, सुरत,
१६ फेब्रुवारी २०२५

ती. आबांना पुन्हा साष्टांग, या वेळी थोडा लांबलचक.

तुमचा खडू म्हणजे कमाल आहे. मी नेटवर बघून आधी कॉर्नफ्लोअर टाकलं होतं, मग टाल्कम पावडर, मग मम्मीची मुलतानी माती. नुसता चिखल झाला. तुमचा खडू पहिल्याच वेळी पिवळा धमक झाला. मी अक्षरशः नाचले. मम्मीने विचारलं की झालं काय, तर मी तिला खडू दाखवला, तिला काही कळलं नाही.

आतापर्यंत सहा वेळा केलंय. बाजूचा भाग मस्त निघाला. पण पुढच्या टोकाला, शिवणीच्या वर, अजून काळपट आहे. तिथे खडू आता पांढराच राहतो, तरी डाग जात नाही. आणि खडू झटकताना केस सगळे एका बाजूला झोपतात, मग किटलीची वाफ देऊन ब्रशने उभे करावे लागतात. एकदा इस्त्री जरा जास्त तापली तर कडेला आक्रसलं, माझा जीवच गेला होता. आता पुढे काय करू ते लिहा ना.

सुवर्णा मजेत आहे. बूट तिला आवडले. दुसराही झाला. तिने तुम्हाला थँक्यू सांगितलंय.

तुम्ही येणार हे मी पप्पांना अजिबात सांगितलं नाही. मम्मीला सांगितलं. मम्मीने पप्पांना सांगितलं. पप्पांनी शुक्रवारी भिंतीला खिळा मारला आणि म्हणाले की दादाच्या टोपीसाठी आहे. दोन दिवस झाले, तो रिकामा खिळा बघून आम्ही खूश आहोत. बस, आता आखाजी लवकर येऊ दे.

तुमच्या मायेची सवय लागलेली,
हेतल


अमळनेर,
२० फेब्रुवारी २०२५

चि. हेतल हिला आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मी एकतीस वर्षं कापड बघितलं. कापडाला पुढचं टोक नसतं. आमच्या कोऱ्या ताक्याला कधी केस नव्हते. आणि इस्त्रीने कडा आक्रसते ती कापडाची नाही, चामड्याची.

मग मी वहाणा शिवणाऱ्या सखारामकडे गेलो आणि त्याला विचारलं की केसाळ बदामी बुटाला एरंडेल लावलं तर काय होतं. त्याने कपाळाला हात लावला. ते कळायला कान लागत नाहीत.

तू मला सांगितलं नाहीस, काबरं? मी बूट बिघडवला म्हणून रागावली असतीस तर चाललं असतं. पण तू मला थँक्यू लिहिलंस, आणि मी इथे शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत फिरलो की माझ्या हातचा बूट लग्नात जाणार. म्हाताऱ्याला ऐकू येत नाही, मग त्याला खरं सांगायचं तरी कशाला, असंच झालं ना?

सुवर्णाला सांग, हे हेतलने केलं नाही, तिच्या आबाने केलं. लाडू खाणाऱ्या पोरीचं पहिल्या पगाराचं मी नुकसान केलं. तिची मी माफी मागतो.

आखाजीचं मी वाल्मिकला वेगळं पत्र लिहीन. इथे मला सगळं नीट आहे. माझ्यासाठी कुणी आपलं काम लपवून ठेवावं असं मला नको.

निंबा


नवागाम, सुरत,
२२ फेब्रुवारी २०२५

ती. आबा, पाया पडते.

पत्र आत्ताच आलं आणि मी लगेच लिहायला बसले आहे. पप्पांना पत्र पाठवायच्या आधी हे वाचा. या वेळी सगळं खरं लिहिते.

तुम्ही निघालात त्या सकाळी मी दाराशी आले तर एक बूट बदामी आणि एक कॉफीसारखा. मी पायरीवरच बसले. मम्मी कपड्यांच्या पावडरीने धुवायला निघाली होती, तिच्या हातातून मी तो ओढून घेतला. त्याच दिवशी सुवर्णाकडे गेले आणि बूट तिच्यासमोर ठेवला. तिने तो उजेडात धरून बघितला. मग तिने विचारलं की कुणी केलं. मी म्हटलं, माझ्यामुळे झालं. आबा, ते मी तुम्हाला वाचवायला म्हटलं नव्हतं. ते खरंच होतं. कसं ते सांगते.

दुसऱ्याचा बूट घरच्या चपलांमध्ये ठेवायचा नसतो. माझ्या कामातली ती पहिली गोष्ट. मी आळशीपणा केला. आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट आहे. तुम्ही पंधरा दिवस माझ्यासमोर बसला होतात. एकदा तुम्ही असाच एक बूट उचलून, केसांवरून बोट फिरवून मला विचारलं होतं की हे काय आहे. मी मोबाईल बघत होते. मी हातानेच 'नंतर' असं केलं. ते नंतर काही आलं नाही. लिहून सांगायला दोन मिनिटं लागली असती. घरात सगळेच असं करायला लागलोय. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून आम्ही सांगणंच बंद केलं आणि वर समजतो की तुमची काळजी घेतोय.

म्हणून आता सांगते, उशिरा का होईना. याला सुएड म्हणतात. आपल्या नेहमीच्या बुटात चामड्याची वरची, गुळगुळीत बाजू असते. तिला तेल, क्रीम, पॉलिश सगळं आवडतं. सुएड म्हणजे आतली बाजू, घासून मऊ केलेली. ते केस म्हणजे कोरडेपणा नाही, तीच त्याची शोभा. त्याला तेल नको, पाणी नको, पॉलिश नको. रोज कोरडा ब्रश, आणि हट्टी डागावर साधं खोडरबर. एवढंच. तुम्ही जे केलंत ते वहाणेसाठी शंभर टक्के बरोबर होतं. तुमच्यासमोर चुकीचं चामडं मी ठेवलं.

आणि खोटं मी यासाठी लिहिलं की तुम्ही पहिल्या पत्रात लिहिलं होतं, रिकामं बसायचा धाक वाटतो. बूट बिघडला हे कळलं तर तुम्ही कधीच येणार नाही, याची मला भीती होती. आता तुम्ही तेच करताय.

अर्ध्याहून जास्त डाग तुमच्या खडूनेच निघाला. माझ्या सगळ्या व्हिडिओंनी मिळून तो निघाला नाही. पण टोकाचा राहिलाय आणि लग्नाला दहा दिवस आहेत. आबा, मला तुमची माफी नको. मला विचारायचंय की कारखान्यात जो डाग निघायचाच नाही, त्याचं तुम्ही काय करायचात.

रागावलात तरी तुमचीच,
हेतल


अमळनेर,
२५ फेब्रुवारी २०२५

चि. हेतल हिला आशीर्वाद, राग वजा करून.

वाल्मिकचं पत्र लिहून झालं होतं, ते चुलीत घातलं. त्यावर चहा झाला.

जो डाग निघायचा नाही त्या ताक्याला आम्ही फाडत नव्हतो आणि त्याच्यासाठी रडतही नव्हतो. कडेला निळी खूण करून वेगळा ठेवायचो. तो गडद रंगाला जायचा. काळा, नेव्ही, कॉफी. रंगून आला की आम्हालासुद्धा ओळखू यायचा नाही. बाया पहिला तोच कपडा उचलायच्या.

दोन्ही बूट गडद कर. पण सुवर्णाला विचारून, तिच्या मनात नसेल तर नको. आधी आतल्या बाजूला, दिसणार नाही तिथे थोडा लावून बघ. जिथे तेल राहिलंय तिथे रंग हळू धरेल, म्हणून तिथे एक हात जास्त दे. आणि दोन्ही एकाच वेळी रंगव. आज एक, उद्या एक केलंस तर रंगात फरक पडतो. एकाच वेळी दोन्ही, हे मी तुला सांगतोय, ज्याने एकच केला.

सुएडचं नीट लिहिलंस. मी ते पान वेगळं काढून ठेवलंय. सखारामला वाचून दाखवलं, त्याने मान हलवून दाखवलं की हे त्याला माहीत होतं. तसं वाटलं नाही.

तुझा,
निंबाआबा


नवागाम, सुरत,
७ मार्च २०२५

ती. आबांना साष्टांग नमस्कार, मम्मी-पप्पांचाही, आणि यादीत अजून बरेच जण आहेत.

तुमचं पत्र घेऊन मी थेट सुवर्णाकडे गेले आणि तो ताक्याचा भाग तिला वाचून दाखवला. तिने मोबाईलवर दीपकच्या शेरवानीचा फोटो उघडला, दोन मिनिटं बघितला आणि म्हणाली की कॉफी रंग तर उलट जास्त शोभेल, बदामी तिने फक्त दुकानात दुसरा नव्हता म्हणून घेतला होता. मग आम्ही दोघी आमच्या गॅलरीत बसलो, एक बूट तिच्या हातात, एक माझ्या. सुएडचा रंग, ब्रश, एकाच वेळी दोन्ही. तेलाच्या जागी एक हात जास्त. वाळल्यावर वाफ दिली, ब्रश केला. आबा, मी शोधून शोधून दमले. तो डाग कुठे होता ते मला आता सांगता येत नाही.

आता लग्नाचं. सुवर्णाच्या मामेबहिणी बूट लपवायला टपून बसल्या होत्या. त्यांना माहीत होतं की नवऱ्याचे बूट बदामी आहेत. दीपकने मांडवाच्या पायरीशी कॉफी रंगाचे बूट काढले, ते त्यांच्या पुढ्यातच होते, आणि त्या बदामी शोधत फिरत होत्या. शेवटी एक बदामी जोड मिळाला आणि तो त्यांनी गाद्यांच्या ढिगात लपवला. तो दीपकच्या मामाचा निघाला. मामा जेवायला अनवाणी बसले आणि सगळ्यांना सांगत होते की माझं लग्न पंचवीस वर्षांपूर्वी झालंय. दीपक आपले बूट घालून आरामात निघाला. त्यांच्याकडच्या लग्नात असं कधी झालं नव्हतं म्हणे.

सुवर्णाने बिदाईच्या वेळी रडता रडता मला जवळ घेतलं आणि म्हणाली की तुझ्या आबांना सांग, त्यांच्यामुळे माझ्या नवऱ्याचे बूट वाचले, दोन्ही अर्थांनी. सोबतचे लाडू तिने स्वतः वळलेत. शेंगदाण्याचेच आहेत. म्हणाली की खूप वर्षांचे परत करायचे होते.

तिथेच तिघांनी आपापले बूट माझ्याकडे देतो म्हणून सांगितलं. मम्मी एका बाईला सांगत होती की माझी मुलगी बुटांची डॉक्टर आहे. मी लांबून ऐकलं, तिला कळू दिलं नाही.

आबा, एक गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही. तुम्ही रात्रपाळी करून सकाळी सातला यायचात आणि झोपायच्या आधी माझे शाळेचे काळे बूट घ्यायचात. आधी ब्रशने धूळ, मग पॉलिश, मग कारखान्यातली सुती चिंधी, शेवटी तोंडाची वाफ देऊन बनियनचा तुकडा. त्यात तुमचा चेहरा दिसला की मला बूट द्यायचात. त्या शाळेत मोठ्या मोठ्या घरांतली मुलं होती. माझं दप्तर साधं होतं, डबा साधा होता, पण असेंब्लीच्या रांगेत बूट कुणाचे बघायचे तर माझे. हे काम मी व्हिडिओ बघून शिकले असं सगळ्यांना सांगते. ते अर्धंच खरं आहे. कशाला काय लावायचं ते व्हिडिओने शिकवलं. बूट हातात कसा धरायचा, ते तुम्ही.

आता ऐका, म्हणजे वाचा. मी पाटी आणली आहे. शाळेतली, काळी, लाकडी चौकटीची, जिच्यावर तुम्ही मला मराठी अक्षरं शिकवली होतीत तशीच. ती माझ्या टेबलाशेजारी टांगली आहे. खडू तर आपल्या घरात आता डबाभर आहेत. रोज सकाळी काय काम आहे ते त्यावर लिहीन, आणि काय झालं, कोण काय बोललं, कशावर हसले तेसुद्धा लिहीन. 'नंतर' हा शब्द पाटीवर लिहायचा नाही असं पप्पांनी ठरवलंय. पहिल्या दिवशी त्यांनीच लिहिला आणि मम्मीने पुसला.

पंधरा गिऱ्हाइकांचे बूट आहेत, एकटीला झेपत नाही. तुमची दया नाही करत, खरंच माणूस हवाय. खिळा अजून रिकामा आहे.

तुमच्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
हेतल


अमळनेर,
१५ मार्च २०२५

चि. हेतल हिला, वाल्मिकला, रंजनाला आणि सुवर्णा-दीपकच्या जोडीला माझे आशीर्वाद.

लाडू मिळाले. दोन फुटले होते, ते आधी खाल्ले. सुवर्णाला सांग, हिशोब मिटला नाही, तिने अजून पाठवावेत.

त्या काळ्या बुटांचं तू लिहिलंस, ते मी विसरून गेलो होतो. तुझ्या लक्षात राहिलं. मी ते तुझ्यासाठी करत होतो असं तुला वाटतं, पण रात्रभर मागाच्या खडखडाटात उभं राहून आल्यावर तेवढा वेळ मला शांत वाटायचं. म्हणून आभार तू मानू नकोस, मीच मानतो.

मी येतो. आखाजीला इथे तुझ्या मोठ्या आईच्या नावाची घागर भरतो, सांजोऱ्या करून शेजारी वाटतो आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने निघतो. किल्ली सखारामकडे ठेवणार आहे. सुती चिंध्यांचं गाठोडं आणि माझा जुना ब्रश आणतो.

माझं एकच मागणं आहे. मी चुकलो तर त्याच दिवशी पाटीवर लिही, मोठ्या अक्षरात. थँक्यू लिहायला घाई नाही.

टोपी धुऊन ठेवली आहे.

तुझा,
निंबाआबा


(टेबलावरच्या बुटात घडी करून ठेवलेली चिठ्ठी)

नवागाम,
५ मे २०२५, सकाळ

ती. आबा, टेबलाच्या या टोकावरून त्या टोकाला नमस्कार.

पाटी भरली म्हणून हे कागदावर. ही निळी जोडी सुएडची आहे. तेल नाही, पाणी नाही. कोरडा ब्रश, मग खोडरबर, मग परत ब्रश. शेजारची तपकिरी जोडी साध्या लेदरची आहे, तिला क्रीम आणि तुमची चिंधी. मी रंग आणायला बाजारात जाऊन येते. तुम्ही केलं की मला बघायचीसुद्धा गरज नाही.

हेतल

(त्याच कागदाच्या मागे)

चि. हेतल, आशीर्वाद.

निळे दोन्ही झाले. तपकिरीही दोन्ही झाले. आज रिक्षा आली नाही.

आबा